उसन्या पैशाचा दशमांश

पुणे जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून, आटोपशीर करून देते.

त्या एका खासगी रुग्णालयात नर्स आहेत, पगार २२,०००. त्यांचे मिस्टर चाकणजवळच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत अकरा वर्षं कामाला होते, ३४,००० मिळायचे. सात महिन्यांपूर्वी ती लाइन बंद पडली आणि ठेकेदाराने त्यांना कमी केलं. आता ते लोकांच्या गाड्या चालवायला जातात, महिन्याकाठी दहा हजार कसेबसे सुटतात. घराचा हप्ता १३,५००. मुलगा डिप्लोमाला. सासूबाईंना शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या. लग्नापासून या घराने दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देणं, चुकवलेला नाही, आणि आजही दरमहा ५,६०० रुपये मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातात. मात्र किराणा आणि औषधं क्रेडिट कार्डावर येतात, त्याची बाकी ६२,००० झाली आहे. शिवाय चर्चच्या नव्या हॉलसाठी मिस्टरांनी गेल्या वर्षी ४०,००० चं वचन दिलं होतं. त्यातले २५,००० राहिलेत. नाताळात हॉलचं समर्पण आहे, आणि त्याआधी वचन दिलेल्यांची यादी वाचली जाईल. मिस्टर स्वतः कमिटीवर आहेत. त्यांचं म्हणणं, बाईंच्या पाटल्या गहाण ठेवू आणि वचन पुरं करू. विषय काढला की ते बायबलमधलं मलाखीचं पुस्तक उघडतात. नोकरी गेल्याचं मंडळीत कोणालाच माहीत नाही, रोज सकाळी ते डबा घेऊन पूर्वीच्याच वेळी निघतात. बाई विचारतात, "माझा विश्वास कमी पडतोय का? दशमांश थांबवला तर घरावरचा आशीर्वाद जाईल का?"

प्रिय भगिनी, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी मंडळीतली एक बाई म्हणून, मग हातात पेन्सिल घेऊन. बँकेच्या काउंटरमागे तीस वर्षं गेली, त्यामुळे आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. त्या बेरजेत एक गोष्ट दिसली, जी तुमच्या दोघांच्याही नजरेतून सुटलेली दिसते. तुम्ही सध्या दशमांश देतच नाही आहात.

रागावू नका. दोघांचे मिळून ५६,००० येत होते तेव्हा ५,६०० हा दशमांश होता. आज घरात ३२,००० येतात. त्यातले ५,६०० म्हणजे साडेसतरा टक्के, जवळजवळ सहावा हिस्सा. दहावा भाग हा वाटा असतो, ठरलेली रक्कम नसते. बायबलच्या लेवीय पुस्तकात तो सांगितला तो जमिनीच्या उपजाचा आणि गुराढोरांचा. दहा पोती झाली तर एक पोतं, पाच झाली तर अर्धं, आणि दुबार पेरणी करूनही शेत करपलं तर काही नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण पगारदार झालो, दर महिन्याला तोच आकडा हातात पडू लागला आणि आपल्याला वाटा विसरून आकडा पाठ झाला. तुमच्या घरात अजून सात महिन्यांपूर्वीच्या संसाराचं माप वापरलं जातंय.

आता कार्ड. पगारातले रोख पैसे लिफाफ्यात जातात आणि तांदूळ कार्डावर येतो, म्हणून तुम्हाला वाटतं की दान स्वतःच्या कमाईतून दिलं. हिशेब तसं म्हणत नाही. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ६२,००० वर २,१७० रुपये व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३९०. अडीच हजारांच्या वर रक्कम नुसती व्याजापोटी जाते, मुद्दल जागचं हलत नाही. तुमच्या घरातून दर महिन्याला दोन अर्पणं निघतात, एक मंडळीला आणि दुसरं कार्डवाल्या बँकेला. दुसऱ्यासाठी कोणी उपकारस्तुती करत नाही.

मिस्टर मलाखी काढतात, तर तो तिसरा अध्याय आपण जरा वरपासून वाचू. दहाव्या वचनातला दशमांश सगळ्यांना पाठ असतो. पाचव्या वचनापाशी फारसं कोणी थांबत नाही. मजुराची मजुरी अडवणारे आणि विधवा-अनाथांना छळणारे यांच्याविरुद्ध देव तिथे साक्ष देतो. दहाव्यात ज्या भांडाराबद्दल बोलणं आहे ते धान्याचं कोठार होतं. बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दशमांशाचं अन्न कुटुंबाने देवासमोर बसून आनंदाने खावं असं आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी ते लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावात साठवायचं. म्हणजे ज्याच्या घरात त्या वर्षी चूल पेटत नाही, त्याचा त्या कोठारावर हक्क होता. यंदा तुमचं घर कोठाराच्या कुठल्या बाजूला उभं आहे, हे एकदा शांतपणे ठरवा.

मिस्टर सारफथच्या विधवेचं उदाहरण देतील, तिने शेवटचं मूठभर पीठ आधी एलीया संदेष्ट्याला दिलं. खरं आहे. पण ते पीठ तिच्या मडक्यातलं होतं, शेजारणीकडून व्याजाने आणलेलं नव्हतं. कर्जात बुडालेल्या विधवेची गोष्ट वेगळी आहे, ती २ राजे यांच्या चौथ्या अध्यायात. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आला होता. अलीशा संदेष्ट्याने तिला विचारलं, तुझ्या घरात काय आहे? मग तेल वाढलं, सगळी भांडी भरली, आणि संदेष्टा म्हणाला, तेल वीक, देणं फेड, उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं गुजराण करा. चमत्काराने आलेल्या पैशातून त्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही. आधी कर्ज फेडणं, मग घर. या उताऱ्यावर मी आयुष्यात एकच प्रवचन ऐकलं आहे. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन छोटी नाणी, टाकणाऱ्या विधवेवर मात्र, मंडळीचं बजेट कमी पडलं की हमखास होतं. आणि त्यातही आधीचं वचन वगळून, ज्यात येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झोडपतो.

वचनाचं काय, असं तुम्ही म्हणाल. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, हे बायबलच्या उपदेशक पुस्तकात आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. तुमच्या मिस्टरांना शब्दाची चाड आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण लेवीयचा सत्ताविसावा अध्याय उघडा, ज्याच्या शेवटी दशमांशाचा नियम आहे. त्याच अध्यायाचं आठवं वचन सांगतं की नवस करणारा इतका गरीब असेल की ठरलेलं मोल त्याला देता येत नाही, तर त्याने याजकापुढे यावं आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं. म्हणजे वचन दिल्यावर माणसाची परिस्थिती बदलू शकते, हे नियमशास्त्रालाही माहीत होतं. तिथे अट एकच आहे, याजकापुढे यायचं. परिस्थिती लपवून नवस फेडायची सोय त्या अध्यायात नाही.

आणि माझ्या मते तुमची खरी अडचण इथेच आहे. तुम्ही मला विश्वासाबद्दल विचारलंत, पण मला पत्रात सगळ्यात जड वाटला तो डबा. रोज सकाळी त्याच वेळी डबा घेऊन निघणारा माणूस. त्यांचा विश्वास मोठा आणि तुमचा लहान, अशी मांडणी तुम्ही करता आहात. मला ती पटत नाही. अकरा वर्षांचं काम एका दिवसात गेलं. कारखान्याच्या गेटवर त्यांची ओळख उरली नाही. घरात बायकोचा पगार मोठा झाला. मंडळीतली कमिटी आणि दर महिन्याचा तो लिफाफा, एवढ्या एकाच ठिकाणी ते अजून पूर्वीचेच आहेत. तुम्ही "दशमांश कमी करू" म्हणता तेव्हा त्यांना बहुधा "आता तुम्ही तेही राहिला नाहीत" असं ऐकू येत असेल. मी चुकत असेन. पण एकदा या बाजूने त्यांच्याकडे पाहा. मग बोलण्याची सुरुवात मलाखीपासून न होता दुसरीकडून होईल.

या लपवण्याला आपल्या ख्रिस्ती समाजात एक जुनं मूळही आहे. नगरला अमेरिकन मिशन १८३१ मध्ये आलं. पुढे १८७६ आणि १८९९ च्या मोठ्या दुष्काळांत मिशनने लोकांना धान्य दिलं, कामं काढली, अनाथ मुलं सांभाळली. तेव्हापासून "पोटासाठी बाटले" हा टोमणा आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकला आहे. त्यामुळे देणारा हात वर ठेवायचा, घेताना कोणाला दिसायचं नाही, हे आपल्या रक्तात भिनलं. मंडळीकडे मदत मागणं म्हणजे तो टोमणा खरा करणं, असं आतून वाटतं. पण बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिल्या मंडळीत तंटा कशावरून झाला? रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होते, यावरून. म्हणजे रोजचं वाटप होतं, आणि ते घेण्यात कोणाला लाज नव्हती. त्याच पुस्तकात दुष्काळ पडणार असं कळल्यावर अंत्युखियाच्या शिष्यांनी ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या भावांना मदत पाठवली.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. अर्धी मंडळी खडी फोडायला जात होती. हंगामाच्या सणाला एरवी वेदीपुढे बाजरीची पोती, भोपळे, कोंबड्या यायच्या, मग लिलाव व्हायचा, एकेक नारळ चढाओढीने विकला जायचा. त्या वर्षी सुपात आला तो रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, तोही ओंजळ-ओंजळ. वडिलांनी प्रार्थना केली आणि लिलाव करायच्या ऐवजी चर्चमागे चूल मांडायला सांगितली. मिलोच्या घुगऱ्या शिजवल्या आणि सगळ्यांनी तिथेच बसून खाल्ल्या. वडिलांचा पगार त्या वर्षी किती महिने थकला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी आईकडून कळलं. म्हणून पाळकांच्या बाजूनेही मी एक सांगते. तुमच्या ५,६०० मधूनच त्यांच्या घरचा किराणा येतो. दान आटलं की पहिली झळ त्यांच्या घराला लागते, आणि तेही बोलत नाहीत. दोन्ही घरं एकमेकांपासून लपवत बसतात आणि मधल्या मध्ये हॉलचा स्लॅब मात्र टाकून होतो.

आता करायचं काय?

आहे तसं चालू ठेवणं हा पर्याय माझ्या मते बाद आहे. वर्षभरात कार्डाची बाकी लाखाकडे जाईल. पूर्ण थांबवणं हाही मार्ग आहे आणि त्यात पाप आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल प्रेषित पौलाने तीमथ्याला किती कडक शब्दांत लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या मिस्टरांना ते तुटल्यासारखं वाटेल, आणि तुम्हालाही रविवारी रिकाम्या हाताने बसवणार नाही, असं पत्रावरून दिसतं. राहतात दोन पर्याय. आजच्या कमाईचा खरा दशमांश, ३,२०० रुपये. जे दशमांशाबाबत अगदी कडक आहेत त्यांनाही याला आक्षेप घेता येणार नाही, आणि नुसतं माप दुरुस्त केल्याने महिन्याला २,४०० वाचतात, म्हणजे कार्डाचं जवळपास सगळं व्याज. किंवा कार्ड फिटेपर्यंत मनापासून ठरवलेली छोटी रक्कम, समजा १,०००. पौलाने करिंथकरांना लिहिलं तेच, उत्सुकता असली की जवळ जे आहे त्या मानाने ते मान्य होतं, जवळ नाही त्या मानाने नव्हे. मला विचाराल तर मी हजार म्हणेन. पण हा आकडा तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचा आहे. तुम्ही गुपचूप कमी करू नका आणि त्यांनी गुपचूप वाढवू नये. घरात रेव्हरंड टिळकांसारखा दाता असला की लक्ष्मीबाईंसारखं कोणीतरी डबे खरवडत बसतं, आणि त्या तरी निदान तोंडावर बोलायच्या.

पाटल्यांबद्दल. मिस्टरांची सूचना अर्धी बरोबर आहे, याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. सोनं ठेवायचंच असेल तर ते हॉलसाठी ठेवू नका, कार्ड संपवायला ठेवा. सोनेतारण कर्ज वर्षाला बारा टक्क्यांनी मिळालं असं धरलं तर ६२,००० वर महिन्याला ६२० रुपये व्याज होतं. आज तुम्ही अडीच हजारांवर भरताय. मात्र कार्ड फिटलं की ते कात्रीने कापा, नाहीतर सहा महिन्यांत कार्डही भरलेलं असेल आणि पाटल्याही बँकेत असतील. ही चूक करणारी शहाणीसुरती माणसं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. पाटल्या तुमच्या आहेत, तेव्हा शेवटचा शब्द तुमचा. नको वाटत असेल तर नको.

आणि हे वाचून मिस्टर कदाचित ताठ बसतील. अकरा वर्षांची नोकरी गेली, तर ग्रॅच्युइटी मिळाली का? पत्रात उल्लेख नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त सलग नोकरी झालेल्या कामगाराचा तो हक्क आहे, ठेकेदाराकडचा कामगार असला तरी. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग वर्षांनी गुणायचं. समजा ती रक्कम १८,००० असेल तर ग्रॅच्युइटी एक लाख चौदा हजारांच्या आसपास होते. कार्ड आणि हॉलचं राहिलेलं वचन मिळून ८७,००० आहेत. मध्ये ठेकेदार बदलत राहिले असतील तर प्रकरण गुंत्याचं होतं, पण जुन्या पगारपावत्या आणि पीएफचा उतारा घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करायला काय हरकत आहे? मलाखीचं पाचवं वचन याच मजुरीबद्दल बोलतं.

घराच्या हप्त्याबद्दल बँकेकडे हप्ता चुकायच्या आधी जा. नोकरी गेली आहे, मुदत वाढवून हप्ता कमी होईल का, असं लेखी विचारा. नव्वद दिवस थकबाकी राहिली की खातं बुडीत वर्गात जातं, आणि मग आमच्यासारख्या काउंटरवरच्या माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. मुलाच्या डिप्लोमासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आहे. आपल्यातली कितीतरी मुलं अर्जच करत नाहीत. कॉलेजच्या कार्यालयात मुदत विचारून घ्या.

हे सदर कमिटीवरची मंडळीही वाचतात म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. यादी वाचणं बंद करा. लिफाफ्यावर नाव आणि आतली रक्कम फक्त खजिनदाराला माहीत, एवढ्यावर काम चालतं. वर्षाचा हिशेब मात्र सगळ्यांपुढे ठेवा. ट्रस्ट म्हणून नोंद असेल तर लेखापरीक्षण झालेला हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतोच, मग तो मंडळीला दाखवायला संकोच कसला? आणि हॉलच्या फंडाशेजारी एक मदत फंड काढा, ज्याचा खर्च पाळक आणि मंडळीतले दोन ज्येष्ठ नावं न फोडता करतील. मिझोरामच्या बायका शंभरहून जास्त वर्षं स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत. ज्या दिवशी घरात कमी शिजतं त्या दिवशी मूठही लहान होते, आणि तिची यादी कोणी वाचत नाही.

तुमच्याकडे परत येते. मिस्टरांशी रविवारी उपासनेनंतर बोलू नका, त्या दिवशी जखम ताजी असते. एखाद्या संध्याकाळी मुलगा क्लासला गेला की पासबुक, कार्डाचं स्टेटमेंट आणि हप्त्याचा कागद टेबलावर ठेवा. आधी एवढंच म्हणा, "उद्यापासून डबा घेऊन खोटं निघू नका." बाकीचं त्याच्या मागून येईल.

मग दोघांनी मिळून पाळकसाहेबांकडे जा. मंगळवार-बुधवारची संध्याकाळ गाठा. नोकरी गेली हे त्यांना स्पष्ट सांगा. वचनाचे राहिलेले २५,००० दोन वर्षांत फेडण्याची मुभा मागा, आणि तेवढे होणार नसतील तर लेवीयचं आठवं वचन त्यांच्यापुढे ठेवा. मिस्टरांना यंत्रांची समज आहे, तर हॉलच्या वायरिंगवर आणि जनरेटरवर देखरेखीचं काम त्यांनी मागून घ्यावं. पैशाची भरपाई म्हणून करू नका, त्यांच्या हाताला आवडतं काम मिळावं म्हणून करा. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही तर तुम्ही बोला. नर्स आहात, वाईट बातमी कशी सांगायची हे तुम्हाला शिकवायला नको.

आणि पाटल्या ठेवायचं ठरलंच, तर बँकेत ठेवा, ओळखीच्या सराफाकडे नको. पावतीवर वजन, कॅरेट आणि सोडवण्याची तारीख लिहून घ्या, आणि ती पावती तुमच्या बायबलमध्ये ठेवा, त्यांच्या नको.